ओसरीवरचा कायदा : युनिटी डाऊ, हक्कसोड आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात एका उत्तरात मी बोट्स्वानाच्या युनिटी डाऊ यांचा उल्लेख केला होता. नागरिकत्वाच्या कायद्यावरून स्वतःच्या देशाच्या सरकारला कोर्टात खेचणाऱ्या, पुढे त्याच देशाच्या उच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायाधीश झालेल्या आणि नंतर मंत्रिपदही सांभाळलेल्या या वकीलबाई. मजकूर थोडकाच होता, पण त्यावरची पत्रं अजून येतायत. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या पत्रांनाच.

प्रश्न : ताई, मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आदर्श म्हणून तुम्ही एकदम आफ्रिकेतल्या बाईंचं नाव घेतलंत. आपल्याकडे उदाहरणं नाहीत का? या बाईंमध्ये वेगळं काय आहे?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

आहेत की गं! शाहू महाराजांनी मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी रखमाबाई केळवकरांवर टाकली, ती याच कोल्हापुरात. नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, तरी बायकांना वकिलीची सनद मिळावी म्हणून त्यांना 1923 च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. ॲना चंडी 1959 साली केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. युनिटी डाऊ जन्मल्या त्याच वर्षी, आणि बोट्स्वानात पहिली महिला न्यायाधीश व्हायला 1998 उजाडलं. नुसतं ‘पहिली कोण’ एवढंच मोजायचं असेल तर आपण एकोणचाळीस वर्षं पुढे आहोत.

मी त्यांचं नाव घेतलं त्याचं कारण वेगळं आहे. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसण्याआधी ही बाई अर्जदार म्हणून कोर्टाची पायरी चढली होती. वकील असूनही, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घरातला प्रश्न घेऊन.

हकीकत अशी. बोट्स्वाना म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला लागून असलेला कलहारी वाळवंटाचा देश. आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, आणि माणसं मात्र आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी. 1966 साली स्वतंत्र झाला. राजधानी गॅबरोनी. तिथून जवळच मोचुडी नावाचं मोठं गाव आहे, युनिटीबाई तिथल्या. कायद्याचं शिक्षण बोट्स्वाना आणि स्वाझीलँडच्या विद्यापीठात झालं, त्यातला काही काळ एडिनबरोला. लग्न केलं पीटर डाऊ या अमेरिकन गृहस्थाशी, 1984 साली. हे गृहस्थ तोपर्यंत बरीच वर्षं बोट्स्वानातच राहत होते, तिथंच रुळले होते.

त्याच 1984 साली देशात नागरिकत्वाचा नवा कायदा आला. त्याचं चौथं कलम म्हणत होतं की बोट्स्वानात जन्मलेलं मूल नागरिक ठरेल, पण जन्माच्या वेळी त्याचा बाप नागरिक असला तर. आईच्या नागरिकत्वावरून मुलाला नागरिकत्व मिळायचं ते मूल लग्नाबाहेर जन्मलेलं असेल तरच. आता डाऊ यांच्या घरात याचं काय झालं बघ. थोरली मुलगी 1979 ची, लग्नाच्या आधीची. ती नागरिक. पुढची दोघं 1985 आणि 1987 ची, रीतसर लग्नानंतरची. आई तीच, गाव तेच, घर तेच, पण ती दोघं परदेशी! त्यांचं स्वतःच्या देशात राहणं बापाच्या निवास परवान्याला बांधलेलं. उद्या तो परवाना वाढवून मिळाला नाही, तर आई देशाची आणि लेकरं देशाबाहेर. आणि हाच नवरा बोट्स्वानाचा आणि बायको अमेरिकन असती, तर काहीच अडचण नव्हती.

सरकारचा पहिला मुद्दा काय होता माहीत आहे? बाई, तुमचं कुठं काय बिघडलंय? कायदा मुलांना नागरिकत्व देत नाही, तुमचं तर शाबूत आहे, मग तुम्ही पीडित कशा? आपल्या भाषेत, तुम्हाला दावा करायचा अधिकारच नाही. लोबात्से या लहानशा गावात त्यांच्या उच्च न्यायालयाचं ठाणं होतं. तिथं न्यायमूर्ती मार्टिन हॉरविट्झ यांनी 1991 साली हा मुद्दा फेटाळला. मुलांच्या डोक्यावर हद्दपारीची तलवार लटकत असेल तर आई मोकळेपणाने कुठं राहू शकते, कुठं जाऊ शकते? बाईला कस्पटासमान वागवायचे दिवस गेले, या अर्थाचं त्यांनी निकालात स्पष्ट लिहिलं. सरकार अपिलात गेलं. 1992 साली अपील न्यायालयानेही बाईंच्या बाजूनेच कौल दिला.

तू अजून वकिलीत आलेली नाहीस, म्हणून सांगते. सीपीआर रुग्णालयासमोरच्या कोर्टाच्या जुन्या इमारतीत मी वकिली सुरू केली, तेव्हापासून आज कसबा बावड्याच्या नव्या इमारतीपर्यंत, समोर बसलेल्या बायकांचा पहिला प्रश्न ‘मी जिंकेन का’ हा नसतो. ‘माझं नाव येईल का’ हा असतो. कागदावर नाव येणार, भावकी वाचणार, सासरचे वाचणार. चांगल्या चांगल्या केसेस मी या एका भीतीपायी दाखल न होता परत जाताना बघितल्या आहेत. डाऊ यांना ओळखीच्या कुणा बाईला पुढे करता आलं असतं आणि स्वतः वकिलाच्या कोटात सुरक्षित राहता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. संसार, लग्नाआधीचं मूल, नवऱ्याचा परवाना, सगळं त्यांनी प्रतिज्ञापत्रात मांडलं. तिथल्या सनातन्यांनी काय काय बोलून घेतलं असेल, याची कल्पना तुला करता येईल. म्हणून मी त्यांचं नाव घेते.

प्रश्न : मॅडम, मी डाऊ खटल्याबद्दल थोडं वाचलं. तिथल्या घटनेत भेदभावाच्या कलमात ‘लिंग’ हा शब्दच नव्हता म्हणे. मग लिंगभेदावर खटला जिंकला कसा?
– एक ज्युनिअर वकील, इचलकरंजी

हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. निकाल समजून घ्यायचा तर नेमकं इथंच बोट ठेवायला हवं.

बोट्स्वानाच्या घटनेचं कलम 15 भेदभावाला मनाई करतं. त्याच्या पोटकलम 3 मध्ये भेदभाव कशाकशावरून, ते मोजून दिलं होतं : वंश, जमात, मूळ ठिकाण, राजकीय मतं, वर्ण, पंथ. लिंग नाही. (योगायोग असा की आपल्या घटनेतही 15(3) च आहे, आणि ते स्त्रिया व मुलांसाठी खास तरतूद करायची मुभा देतं. आपल्या 15(1) मध्ये लिंग हा शब्द पहिल्या दिवसापासून आहे. ते आपलं भाग्य.) सरकारी वकिलांनी सांगितलं की हा शब्द विसरून राहिलेला नाही, मुद्दाम वगळलाय. आमचा समाज बापाच्या वंशाने चालतो, आमच्या रूढी पुरुषाला धरून आहेत, त्या टिकाव्यात म्हणूनच तो घातला नाही.

बाईंच्या बाजूने कलम 3 पुढे ठेवलं गेलं. मूलभूत हक्कांच्या प्रकरणाची सुरुवात या कलमाने होते. देशातल्या प्रत्येक माणसाला हे हक्क आहेत, मग त्याचा वंश, मूळ ठिकाण, मतं, वर्ण, पंथ ‘वा लिंग’ काहीही असो, असं ते म्हणतं. इथं तो शब्द होता! अपील न्यायालयाचे अध्यक्ष होते घानाचे न्यायमूर्ती ऑस्टिन अमिसाह. त्यांची मांडणी अशी की दार कलम 3 ने उघडलंय, पुढची कलमं त्याचा तपशील आहेत. एका कलमाने स्पष्ट दिलेला हक्क दुसऱ्या कलमाच्या मौनातून काढून घेता येणार नाही. काढून घ्यायचाच असता, तर घटनाकारांनी तसं लिहिलं असतं. रूढी मोठी की घटना, या वादात रूढीनेच घटनेपुढे वाकायचं. आफ्रिकी मानवी हक्क सनदेवर देशाने सही केलेली होती, अर्थ लावताना तिचाही आधार घेतला गेला.

पाच न्यायमूर्तींपैकी तिघे या बाजूला, दोघे विरुद्ध. तिघांमध्ये एक जॉर्ज बिझोस, म्हणजे नेल्सन मंडेलांचे वकील, बरं का. विरोधातल्या दोघांचं मत टाकाऊ नव्हतं. कलम 3 ही नुसती प्रस्तावना आहे, भेदभावाचा खरा नियम कलम 15 च, असं ते म्हणत होते. तो भागही वाच. आपल्या विरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद कुठला, हे ज्याला माहीत नाही त्याने कोर्टात उभं राहू नये, असं माझे सीनिअर सांगायचे. मी तुलाही तेच सांगते.

निकाल 1992 चा, कायदा मात्र बदलला 1995 साली. मधली तीन वर्षं सरकार चालढकल करत राहिलं आणि बायकांच्या संघटना मागे लागून राहिल्या. खुद्द डाऊ यांनी मोचुडीत बायकांना कायद्याची माहिती देणारं केंद्र उभं करायला हातभार लावला होता. निकाल लागला की काम संपलं, असं समजणाऱ्या वकिलांसाठी ही तीन वर्षं फार शिकवणारी आहेत.

प्रश्न : वकीलबाई, माझे वडील चांदोलीतले. अभयारण्य झालं, गाव उठलं. जमिनीसाठी आम्ही अजून धरणं धरतोय. तुमच्या त्या न्यायाधीशबाईंनी जंगलातल्या लोकांचा निकाल दिला, एवढंच तुम्ही लिहिलंत. जरा सविस्तर सांगा.
– एक वाचक, शाहूवाडी तालुका

दादा, जरूर सांगते. मध्य कलहारीत 1961 साली राखीव क्षेत्र झालं. तिथं सान लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. शिकार, कंदमुळं, थोडी शेळ्या-मेंढरं. 2002 साली सरकारने पाणी, शिधा, दवाखान्याची सोय बंद केली आणि लोकांना बाहेरच्या वसाहतींत हलवलं. तुम्ही राजीखुशीने गेलात, असं सरकारचं म्हणणं. लोकांचं म्हणणं, पाणी तोडल्यावर कसली राजीखुशी! रॉय सेसाना आणि दोनशेवर लोकांनी खटला भरला. निकाल लागला 13 डिसेंबर 2006 रोजी.

तीन न्यायाधीश होते. न्या. डिबोटेलो सरकारच्या बाजूला झुकले. न्या. डाऊ लोकांच्या बाजूला. न्या. फुमाफी मधे, आणि मुद्द्यामुद्द्यावर त्यांचं मत ज्या बाजूला, तो निकाल. लोक कायदेशीर ताब्यात होते, हे तिघांनीही एकमताने मानलं. त्यांना संमतीशिवाय हलवलं, शिकारीचे परवाने नाकारणंही बेकायदेशीर, हे दोन विरुद्ध एक असं ठरलं. पण पाणी आणि इतर सोयी बंद करणं कायदेशीर होतं, हेसुद्धा दोन विरुद्ध एकनेच ठरलं, आणि तिथं डाऊ एकट्या पडल्या. सोयी तोडणंही चूक, असं त्यांनी वेगळ्या निकालपत्रात लिहून ठेवलं. परत जायचा हक्क मिळाला, पण पिण्याच्या पाण्यासाठी त्या लोकांना पुन्हा कोर्टात जावं लागलं, आणि पाण्याचा हक्क अपिलात मिळायला 2011 उजाडलं.

तुमचा प्रश्न पुनर्वसनाचा आहे, कायदा वेगळा आहे, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा इथं लागू होणार नाही. पण एक गोष्ट उपयोगाची आहे. त्या लोकांना ‘संमतीशिवाय’ हा शब्द मिळाला तो पुराव्यामुळे : कोण कधी गेलं, गाडीत काय भरलं, कुणी कागदावर अंगठा दिला, कुणी दिला नाही. तुमच्याकडे जुने सातबारे, घरपट्टीच्या पावत्या, शाळेचे दाखले, उठतानाच्या नोटिसा असतील त्या एकत्र करा. म्हातारी माणसं हयात आहेत तोवर त्यांची सविस्तर प्रतिज्ञापत्रं करून घ्या. आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून आपल्याच गावात बसतंय. चाळीस वर्षांहून जास्त मागणी केली, तेव्हा मिळालं. मुंबईला रात्रीची गाडी पकडून तारखेला जायचा आणि तारीख पडली म्हणून परत यायचा खर्च तरी वाचला. त्याचा फायदा घ्या.

प्रश्न : ताई, वडील जाऊन वर्ष झालं. भाऊ म्हणतात, ‘हक्कसोड पत्रावर सही कर, माहेर तुटायला नको.’ तीन एकर ऊस आहे. माझं लग्न 1990 चं. मला हक्क आहे का? आणि घेतला तर मी लोभी ठरेन का?
– एक भगिनी, कागल तालुका

तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी वाचायला घेतलं आणि सगळ्यांत जास्त वेळा वाचलं.

हक्क आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 पासूनच मुलगी, मुलगा, आई यांचा वाटा सारखा. जमीन वडिलोपार्जित असेल तर महाराष्ट्राने मुलींना 22 जून 1994 पासून समान वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना बाहेर ठेवलं. तुम्ही तेव्हा त्या फटीत सापडला होता. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती फट बुजवली, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे. लग्न कधी झालं याने फरक पडत नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल, तर मात्र ते उकरता येत नाही. तसं काही झालंय का, एवढं तपासा.

दुसऱ्या प्रश्नासाठी तुम्हाला बोट्स्वानातल्याच एका आजींची गोष्ट सांगते. एडिथ मुसी, ऐंशीच्या घरातल्या, कान्ये गावच्या. आईवडिलांच्या घरात त्या आणि त्यांच्या बहिणी राहत होत्या, डागडुजी करत होत्या. तिथल्या रूढीप्रमाणे घर जातं धाकट्या मुलाकडे, म्हणून नात्यातल्या एका पुरुषाने त्यांना बाहेर पडा म्हटलं. आजी लढल्या. अपील न्यायालयाने सप्टेंबर 2013 मध्ये घर बहिणींचं ठरवलं. मुलगी म्हणून कुणाला वारशातून वगळता येणार नाही, हा विचार त्या देशात रुजला तो डाऊ खटल्यापासून. त्याच्या एकवीस वर्षं आधी एका आईने मुलांसाठी जे मिळवलं होतं, ते या आजींच्या घरापर्यंत पोचलं. त्या आजींना कुणी लोभी म्हणेल का?

तुम्ही लोभी नाही. त्या तीन एकरांत तुम्ही लहानपणी लावणीला, भांगलणीला राबला असाल, पाण्याच्या पाळीला रात्री वडिलांबरोबर बॅटरी धरून गेला असाल. भावांवर माया आहे म्हणून स्वखुशीने सोडायचं असेल तर सोडा, तोही तुमचाच अधिकार. पण ‘माहेर तुटेल’ या धाकाखाली सही करू नका. हक्कसोड पत्र नोंदणीकृत असतं, एकदा झालं की मागे फिरणं अत्यंत अवघड. तोवर वारस नोंदीत तुमचं नाव लागलंय का ते तलाठ्याकडे जाऊन बघा. तुमच्या गैरहजेरीत फेरफार धरला असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. भावांशी बोलणं करायचं ते सणाला ताटावर बसल्यावर नको. चारचौघांना जवळ बसवून, शांतपणे. माझ्या बघण्यातल्या कितीतरी घरांत वाटा घेतलेल्या बहिणींची भाऊबीज थांबलेली नाही.

प्रश्न : न्यायाधीशपद भूषवलेल्या व्यक्तीने मंत्री व्हावे, हे आपणास योग्य वाटते काय? ज्या सरकारविरुद्ध लढल्या, त्याच पक्षात जाऊन बसल्या!
– एक निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज

गुरुजी, तुमची शंका रास्त आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. न्यायाधीशाने खुर्ची सोडल्या सोडल्या सरकारी पद घ्यावं, हे मला इथंही पटत नाही आणि कुठंही पटणार नाही. लोकांचा विश्वास त्याने उणावतो.

डाऊ 2009 साली न्यायालयातून बाहेर पडल्या आणि 2014 साली संसदेत गेल्या. मधे पाच वर्षं गेली. त्या काळात केनियात नव्या घटनेचे वाद सोडवायला नेमलेल्या खास न्यायालयावर त्यांनी काम केलं, वकिलीही केली. संसदेत पहिल्यांदा गेल्या त्या निवडून नव्हे, खास नेमणुकीच्या जागेवरून, आणि हे मला कमी आवडतं. आधी शिक्षण खात्यात सहायक मंत्री, मग शिक्षणमंत्री, 2018 पासून 2020 पर्यंत परराष्ट्रमंत्री. 

पक्षाचं म्हणाल, तर तिथं 1966 पासून 2024 पर्यंत एकाच पक्षाचं राज्य होतं. सरकारात जाऊन काम करायचं तर त्याच दारातून जावं लागत होतं. बाहेर राहून टीका करावी की आत जाऊन शाळांचा कारभार हातात घ्यावा, यात मी दुसरं निवडणाऱ्याला कमी लेखत नाही. त्यांची मंत्रिपदाची कारकीर्द खटल्याइतकी तेजस्वी होती, असा माझा दावा नाही. माणसाचं सगळंच काम एका उंचीचं नसतं, गुरुजी. 1992 चा निकाल आणि 2006 मधलं ते एकटीचं निकालपत्र, ही दोनही मला पुरेशी आहेत.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत असते, जावई जर्मन. नातू मार्चमध्ये तिथंच जन्मला. डाऊबाईंचं वाचून काळजी लागली. माझ्या नातवाला भारताचं नागरिकत्व मिळेल ना?
– एक आजी, ताराबाई पार्क

आजी, काळजी करू नका, पण वेळ दवडू नका. परदेशात जन्मलेल्या मुलाला आपल्याकडेही 10 डिसेंबर 1992 पर्यंत फक्त बापाकडूनच नागरिकत्व मिळायचं. बोट्स्वानात निकाल लागला त्याच वर्षाच्या अखेरीला आपला कायदा बदलला. आता आई किंवा बाप, कुणीही एक भारतीय असलं तरी चालतं. मात्र 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्या मुलाची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत जन्मापासून एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणून मुलीला आजच फोन करा. बाळाचा जर्मन पासपोर्ट अजून काढला नसेल तर थांबायला सांगा, कारण दोन्ही नागरिकत्वं एकदम ठेवायला आपला कायदा परवानगी देत नाही. कुठलं ठेवायचं, हे मुलीने आणि जावयांनी बसून ठरवावं. नातवाला भारतात येता-जाता यावं एवढीच इच्छा असेल, तर जर्मन पासपोर्टवर ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाचा) मार्गही आहे. मुलीचा भारतीय पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि बाळाचा जन्मदाखला, तिन्हींच्या प्रती तयार ठेवायला सांगा.